यंत्राला प्रतिभा दिसते काय?

बुद्धिबळात संगणक माणसाला हरवतो, ही आता बातमी राहिलेली नाही. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्क येथे आय. बी. एम. कंपनीच्या 'डीप ब्लू' या संगणकाने त्या वेळचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, तेव्हा आमच्या वर्गातील कोणाचा जन्मही झालेला नव्हता. पुढे यंत्रे बळावत गेली आणि आज मोबाईलवर फुकट मिळणारा प्रोग्रॅमसुद्धा कोणत्याही ग्रँडमास्टरला भारी पडतो. तेव्हा 'श्रेष्ठ कोण?' हा वाद मिटला आहे. परंतु त्या वादाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो.

थोर खेळाडूंच्या काही खेळी अशा असतात की त्या पाहून जाणकारही क्षणभर अवाक् होतात. वजीर मारात असताना त्याच्याकडे पाहायचेच नाही, किंवा चांगला सुरक्षित उभा असलेला उंट उचलून शत्रूच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवायचा! अशा खेळीला आपण प्रतिभेची खेळी म्हणतो. आता प्रश्न असा की, ही खेळी यंत्राला सापडते काय? सापडत असेल तर प्रतिभा म्हणजे केवळ भराभर केलेली मोजणी ठरते. सापडत नसेल तर यंत्र एवढे जिंकते कसे? आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरा अधिकच बोचतो. काव्यशास्त्राच्या पेपरात प्रतिभेच्या व्याख्या आम्ही पाठ करतो, आणि लांज्याच्या एस. टी.त शेजारी बसलेले गृहस्थ विचारतात, "आता सगळं यंत्रच लिहिणार म्हणतात. मग तू मराठी घेऊन करणार काय, बाळा?" त्यांना द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून निदान बुद्धिबळापुरता तरी छडा लावावा, असे ठरवले.

लेखात मी मोहऱ्यांची आपली नावेच वापरणार आहे: राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादे. माझे आजोबा शाळेत दोनच यत्ता शिकले, पण लावणी आटोपली की पावसाळ्याच्या दुपारी पडवीत पट मांडून बसत. त्यांच्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी घेता येई. आज जगभर खेळतात ती पद्धत मी नंतर शिकलो. पटावरील घर सांगताना डावीकडून उजवीकडे ए ते एच ही अक्षरे आणि पांढऱ्याच्या बाजूने वर १ ते ८ हे आकडे घेतात, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे समजायला अडचण पडणार नाही.

यंत्र विचार कसा करते? खरे म्हणजे ते विचार करीत नाही, ते शक्यता तपासते. डावाच्या आरंभी पांढऱ्याला २० खेळी करता येतात. काळ्याच्या प्रत्येकी २० उत्तरांनी त्या ४०० होतात. पांढऱ्याची दुसरी खेळी धरली की ८,९०२ आणि काळ्याचे दुसरे उत्तर धरले की १,९७,२८१. दोघांच्या दोन-दोन खेळी झाल्या, तोच हा आकडा! क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने संगणकाला बुद्धिबळ कसे शिकवावे यावर १९५० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने संपूर्ण डावांची संख्या एकावर एकशेवीस शून्ये इतकी असल्याचा अंदाज दिला होता. इतके डाव कोणतेही यंत्र तपासू शकणार नाही. म्हणून ते काही खेळींपर्यंत पुढे पाहते, तेथे थांबते आणि समोर आलेल्या स्थितीला गुण देते. प्याद्याचा एक गुण, घोड्याचे व उंटाचे सुमारे तीन, हत्तीचे पाच, वजिराचे नऊ. शिवाय राजा सुरक्षित आहे काय, प्यादी जोडलेली आहेत काय, असले काही. मग प्रतिस्पर्धी आपल्या दृष्टीने सर्वांत चांगले उत्तर देईल असे गृहीत धरून, ज्या वाटेने शेवटी अधिक गुण उरतात ती वाट यंत्र निवडते. मोबाईलवर पटाशेजारी 'अधिक दोन' किंवा 'उणे तीन' असे जे आकडे दिसतात, ते हेच.

यात एक गोम आहे. सगळ्या वाटा सारख्याच खोल तपासायच्या म्हटल्या तर यंत्रही दमेल. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे त्याला छाटणी करायला शिकवतात. जी खेळी वरवर वाईट दिसते तिच्याकडे थोडेच पाहायचे, जी बरी दिसते तिच्यामागे खोल जायचे. आपण बाजारात पापलेट घेताना टोपलीतले सगळे मासे उलटेपालटे करीत नाही, डोळा व कल्ले पाहून चारपाच बाजूला काढतो, त्यातलाच हा प्रकार. छाटणीने यंत्राचे बळ कितीतरी वाढले. पण ज्या खेळीत उघड उघड नुकसान आहे आणि फायदा फार पुढे आहे, ती खेळी पहिल्याच छाटणीत मागे पडते. प्रतिभेची म्हणून जिची वाखाणणी होते ती खेळी पुष्कळदा नेमकी अशीच असते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९८ सालचे आहे. स्पेनमधील लिनारेस येथील स्पर्धेत बल्गेरियाचा व्हेसेलिन टोपालोव्ह पांढरी मोहरी घेऊन खेळत होता, आणि काळी मोहरी होती रिगा शहरात जन्मलेल्या अलेक्सी शिरोव्हकडे. सेहेचाळीस खेळी होऊन गेल्या होत्या आणि पटावर थोडीच मोहरी उरली होती. पांढऱ्याचा राजा जी-१ वर, उंट सी-३ वर, प्यादी जी-२ आणि एच-४ वर. काळ्याचा राजा ई-६ वर, उंट एफ-५ वर, प्यादी ए-४, डी-५, एफ-६ आणि जी-६ वर. वाचकांनी पट घेऊन ही स्थिती मांडावी, अशी माझी विनंती आहे. नुसते वाचून तिची गंमत कळणार नाही.

काळ्याकडे दोन प्यादी जास्त आहेत. पण एकाचा उंट काळ्या घरांवरून फिरतो व दुसऱ्याचा पांढऱ्या घरांवरून. असे असले की एकाचा उंट दुसऱ्याच्या उंटाला कधीच भिडत नाही आणि दोन प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीत सुटतो, हा नेहमीचा अनुभव. जिंकायचे तर काळ्या राजाने एफ-५ वरून ई-४ वर घुसायला हवे. पण एफ-५ वर त्याचाच उंट बसला आहे! उंट नुसता बाजूला केला, तर तेवढ्या वेळात पांढरा राजा एफ-२ वरून ई-३ वर येतो, वाट अडवतो, आणि सगळे मुसळ केरात.

शिरोव्हने उंट उचलला आणि एच-३ वर ठेवला. तेथे तो जी-२ वरच्या प्याद्याच्या सरळ मारात होता. मोबदल्यात काय, तर काहीच नाही. मात्र आता तो उंट त्याच जी-२ प्याद्यावर नेम धरून आहे. पांढऱ्याने त्याला मारले नाही, तर तो प्यादे मारून वाट मोकळी करतो. मारले, तर मारण्यात पांढऱ्याची एक खेळी खर्च होते, आणि शिरोव्हला हवी होती ती हीच एक खेळी. टोपालोव्हने उंट मारला. काळा राजा एफ-५ वर आला, पांढरा एफ-२ वर, काळा ई-४ वर. दार बंद व्हायच्या आत पाहुणा ओटीवर पोचला होता. पांढऱ्या उंटाने एफ-६ चे प्यादेही खाल्ले. या क्षणी मोहऱ्यांचे गुण मोजले तर पांढऱ्याचे पाच होतात आणि काळ्याचे तीन. उंट-प्याद्यांचा हिशेब पाहणारा कोणीही म्हणेल की काळा बुडाला. पण काळ्याची ए आणि डी या दोन दूरच्या पट्ट्यांतील प्यादी राजाच्या सोबतीने पुढे निघाली होती, आणि एकटा उंट दोघांना अडवू शकत नव्हता. त्रेपन्नाव्या खेळीनंतर टोपालोव्हने डाव सोडला.

त्या काळच्या यंत्रांना ही खेळी दिसत नसे. कारण वर सांगितलेच आहे: हिशेबात आधी उंट जातो, मग एक प्यादेही जाते, आणि लाभ दहाएक खेळींच्या पलीकडे. कित्येक वर्षे ही स्थिती यंत्रांची परीक्षा घेण्यासाठी वापरली जात होती. 'बघा, येथे यंत्र हरते' असे अभिमानाने सांगण्यासाठी ती एक सोय झाली होती म्हणा ना! आता ती सोय राहिलेली नाही. आजच्या यंत्रांना ही खेळी सापडते. मी माझ्या साध्या मोबाईलवर ही स्थिती मांडून पाहिली. आधी यादीत वर दुसऱ्याच खेळी येत होत्या, पण खोली वाढत गेली तसतसा एच-३ वरचा उंट वर सरकत सरकत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. खरे सांगायचे तर मला थोडे वाईट वाटले. आपल्या गावचा पैलवान बाहेरगावच्या कुस्तीत चीत व्हावा, तसे काहीसे.

पण सगळ्याच प्रतिभाशाली खेळी अशा उशिरा सापडणाऱ्या नसतात. उलट, ज्या खेळीने माणसांचे डोळे सर्वांत जास्त दिपतात ती यंत्राला कधीकधी सर्वांत सोपी जाते. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध सतराव्या खेळीला आपला वजीर मारात राहू दिला आणि उंट ई-६ वर खेळला. पुढे त्या डावाला 'शतकातला सर्वोत्तम डाव' हे नाव मिळाले. या खेळीत यंत्राला विशेष काही वाटत नाही, ते ती चटकन सांगते. कारण वजीर घेतल्यावर पांढऱ्या राजाला लागोपाठ शह बसू लागतात आणि प्रत्येक शहाबरोबर काळा काहीतरी मिळवीत जातो. शह असला की उत्तरे थोडी, आणि उत्तरे थोडी असली की यंत्र सरळ तळ गाठते. तेव्हा माणसाला जी अवघड वाटते ती यंत्राला अवघड वाटेलच असे नाही. आपल्याला वजीर देण्याची भीती वाटते. यंत्राला वजीर म्हणजे नऊ गुण.

आता तिसरा प्रकार, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. १९६० साली मॉस्को येथे जगज्जेतेपदाचा सामना चालू होता. एका बाजूला अठ्ठेचाळीस वर्षांचा मिखाईल बॉटविनिक, शिस्तीचा व शास्त्रशुद्ध खेळाचा आचार्य. दुसऱ्या बाजूला तेवीस वर्षांचा मिखाईल ताल, हाही रिग्याचाच. (त्या शहराच्या पाण्यातच काही असावे.) सहाव्या डावात एकविसाव्या खेळीला तालने आपला घोडा एफ-४ वर नेऊन फुकट देऊ केला. प्रेक्षागृहात एवढा गोंगाट झाला की खेळाडूंना आतल्या खोलीत नेऊन डाव पुढे चालवावा लागला. बॉटविनिकने घोडा घेतला, पुढे त्याचा तोल गेला आणि तो हरला. सामनाही तालने साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी जिंकला आणि तो तोपर्यंतचा सर्वांत तरुण जगज्जेता झाला.

हा घोडा यंत्रासमोर ठेवा. यंत्र त्याला मान्यता देत नाही. ते म्हणते, पांढऱ्याने अचूक उत्तरे दिली असती तर पांढऱ्याची बाजू वरचढ राहिली असती. म्हणजे यंत्राच्या लेखी बुद्धिबळाच्या इतिहासातील ही एक अमर खेळी चूक आहे! पण तालने ती यंत्राविरुद्ध खेळलीच नव्हती. ती होती बॉटविनिकविरुद्ध, घड्याळ टिकटिकत असताना, ज्याला गोंधळ आवडत नाही अशा माणसाविरुद्ध. समोरच्याला काय नकोसे होईल हे तालला ठाऊक होते. यंत्राला समोर कोणी बसलेले आहे हेच ठाऊक नाही. ते धरून चालते की समोरचा आपल्याइतकाच अचूक आहे, म्हणजे समोरही एक यंत्रच बसले आहे.

येथे नियतीचा खेळ पाहा. बॉटविनिक पेशाने विद्युत अभियंता होता, आणि उत्तरायुष्यातील कित्येक वर्षे त्याने माणसासारखा विचार करून बुद्धिबळ खेळणारा संगणक घडवण्याच्या खटाटोपात घालवली. 'पायोनियर' हे त्याच्या प्रोग्रॅमचे नाव. सगळ्या वाटा तपासायच्या नाहीत, जाणत्या खेळाडूप्रमाणे मोजक्याच वाटा निवडायच्या, हे त्याचे सूत्र होते. ते स्वप्न त्याच्या हातून पुरे झाले नाही. जगज्जेत्याला हरवले ते सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या 'डीप ब्लू'च्या आडदांड मोजणीने. तालचा तो घोडा यंत्र पाडताना तालला हरवू इच्छिणारा बॉटविनिकच त्यात बोलत असावा, असे माझ्या मनात येऊन गेले.

कास्पारोव्हची गोष्टही याच जातीची. जानेवारी १९९९ मध्ये हॉलंडमधील वाइक आन झी येथे त्याने टोपालोव्हविरुद्ध चोविसाव्या खेळीला डी-४ वर हत्ती दिला. टोपालोव्हने तो घेतला. मग कास्पारोव्हने दुसराही हत्ती पुढे केला आणि काळ्या राजाला स्वतःच्या घरातून ओढत ओढत पटाच्या दुसऱ्या टोकाला, थेट पांढऱ्याच्या पहिल्या रांगेपर्यंत नेले. असा डाव पिढीत एखादाच होतो. यंत्राला पुढच्या खेळी सापडतात, ते त्यांना पुरेपूर गुणही देते. पण ते हेही सांगते की टोपालोव्हने पहिला हत्ती न घेता राजा बी-६ वर सरकवला असता, तर काळ्याचे काही बिघडत नव्हते. बिचारा टोपालोव्ह! वर्षभरात दोनदा तो अशा डावांचा दुसरा अर्धा भाग झाला, आणि आपण त्याचे नाव त्यासाठीच लक्षात ठेवतो. तो स्वतः पुढे २००५ साली जगज्जेता झाला, हे येथे सांगितले पाहिजे.

मध्यंतरी यंत्रांतही क्रांती झाली. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड या कंपनीने 'आल्फाझीरो' नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला. त्याला माणसाचा एकही डाव दाखवला नव्हता, केवळ नियम सांगितले होते. तो स्वतःशीच लाखो डाव खेळला आणि त्यातून शिकला. मग त्या वेळच्या 'स्टॉकफिश' या बलाढ्य प्रोग्रॅमशी शंभर डाव खेळून त्याने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. मला नवल वाटले ते दुसऱ्याच आकड्यांचे. स्टॉकफिश सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती तपासत होता, आल्फाझीरो सुमारे ८० हजारच. कमी पाहूनही त्याला जास्त दिसत होते! आणि त्याचा खेळही कसा, तर प्यादी उधळून द्यायची, मोहऱ्यांना मोकळी वाट करून द्यायची, वसुलीची घाई नाही. ग्रँडमास्टर मंडळींना त्यात तालसारख्या जुन्या हल्लेखोरांची आठवण झाली. २०२० साली स्टॉकफिशनेही शिकलेल्या जाळ्याने गुण देण्याची पद्धत आपलीशी केली, आणि आज मोबाईलवर चालतो तो हा दोन्ही विद्या जाणणारा स्टॉकफिश.

म्हणजे यंत्राला प्रतिभेच्या खेळी सापडतात, हे कबूल करायलाच हवे. फिशरची लगेच, शिरोव्हची काही वेळाने. मात्र सापडते म्हणजे काय होते तेही पाहावे. यंत्राच्या यादीत शिरोव्हचा उंट आणि एखादे प्यादे एक घर पुढे सरकवण्याची खेळी एकाच शाईत लिहिलेली असतात. एकीपुढे एक आकडा, दुसरीपुढे दुसरा. यंत्र कधी चकित होत नाही. चकित व्हायला आधी काही अपेक्षा असावी लागते, आणि 'उंट फुकट द्यायचा नसतो' हे यंत्राला कोणी लहानपणी कान धरून शिकवलेले नसते. तो धडा शिकलेला माणूस जेव्हा तो मोडतो, आणि समोर कोणताही आकडा दिसत नसताना मोडतो, तेव्हा आपण त्याला प्रतिभा म्हणतो. या शब्दाचे माप खेळीत जेवढे आहे तेवढेच ती खेळणाऱ्याच्या जोखमीतही आहे.

आपल्या महाराष्ट्राकडे वळतो. नाशिकचा विदित गुजराथी एप्रिल २०२४ मध्ये टोरांटो येथे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत खेळला. दुसऱ्याच फेरीत अमेरिकेच्या हिकारू नाकामुराविरुद्ध काळी मोहरी असताना त्याने अकराव्या खेळीला एका प्याद्यासाठी आपला उंट देऊन टाकला आणि तो डाव जिंकला. त्याआधी नाकामुरा ४७ डाव अपराजित होता. तालच्या काळात अशा खेळीवर प्रेक्षागृह दणाणले असते. आज मात्र पहिला प्रश्न येतो, "ही त्याने तेथे शोधली, की घरून संगणकावर तपासून आणली?" डावाच्या इतक्या आरंभी आलेला बळी बहुधा घरी तपासलेला असणार, असे जाणकार गृहीतच धरतात. त्यात लबाडी काही नाही. सगळेच तसे करतात आणि नियमाला ते धरून आहे. पण आणलेली खेळी लक्षात ठेवणे, ती नेमकी कोणाविरुद्ध काढायची हे ठरवणे, आणि तयारी संपते त्या खेळीनंतर एकट्याने पुढे चालत राहणे, हे अजून खेळाडूलाच करावे लागते.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती माझ्याच वयाची, एकोणीस वर्षांची होती. अंतिम फेरीत समोर अनुभवी कोनेरू हंपी. आम्ही चारपाच जण मोबाईलभोवती डोकी जुळवून तो सामना पाहत होतो. पडद्यावर पटाच्या शेजारी यंत्राची पट्टी खालीवर होत होती. दिव्याने खेळी केली की आम्ही पटाकडे न पाहता पट्टीकडे पाहायचो. पट्टी हलली की "चुकली, चुकली!" जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या चुका आम्ही कोकणात बसून काढत होतो, आणि आमच्यातल्या एकालाही ती खेळी का चुकली हे सांगता आले नसते. पट्टी फक्त त्या दोघींना दिसत नव्हती. माझ्या मते खेळ काय तो त्या दोघीच खेळत होत्या.

यंत्राने आपल्याला दिले पुष्कळ. पूर्वी खेडेगावच्या मुलाला शिकायचे तर मुंबई-पुणे-सांगली गाठावी लागे. आज घरबसल्या फुकट गुरू मिळतो, तोही न रागावणारा. मात्र त्यासोबत संशय आला. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस येथे मॅग्नस कार्लसन एकोणीस वर्षांच्या हान्स नीमनकडून हरला, दुसऱ्या दिवशी स्पर्धा सोडून गेला आणि पुढे त्याने नीमनवर लबाडीचा आरोप केला. नीमनने पूर्वी इंटरनेटवरच्या काही डावांत लबाडी केल्याचे कबूल केले होते, पण त्या पटावरच्या डावात लबाडी झाली असे काही सिद्ध झाले नाही. हा अविश्वासही अगदीच नवा नाही म्हणा. १९७६ साली मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, तेव्हा मुलीने तेथे खेळावेच का असा आक्षेप निघाला होता. ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याने चांगले खेळले की लोक आधी कारण शोधतात. आता त्या कारणाला मोबाईल हे नाव मिळाले आहे, एवढेच.

याचा अनुभव गेल्या वर्षी माझ्या एका वर्गमित्राला एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आला. समोरचा खेळाडू मोठ्या शहरातील, रीतसर शिकवणी लावलेला. माझा मित्र आमच्यासारखाच, पडवीत शिकलेला. विसाव्या खेळीच्या सुमारास त्याने समोरच्या राजापुढील प्याद्यावर हत्ती घातला आणि देऊन टाकला. समोरच्याच्या घड्याळात सहा मिनिटे उरली होती. त्याने हत्ती घेतला, बराच वेळ विचार केला, घाबरला आणि आठ खेळींत त्याच्यावर मात झाली. सही करण्याऐवजी तो पंचांकडे गेला. "सर, ही खेळी याची नाही. हा मघाशी पाणी प्यायला बाहेर गेला होता."

मित्राचा मोबाईल नियमाप्रमाणे बंद करून पंचांच्याच टेबलावर ठेवलेला होता. तरीही त्याला चार लोकांसमोर विचारण्यात आले, "हत्ती का दिलास, सांग." तो गडबडला. मग पट मांडून म्हणाला, "सर, शेवटपर्यंत नव्हतं दिसलं मला. पण तो राजा एकटा होता, आणि त्याला वेळ कमी होता. मला वाटलं, हा घाबरेल."

पंचांनी मान हलवली आणि निकाल कायम ठेवला. संध्याकाळी एस. टी. स्टँडवर आम्ही तो डाव मोबाईलवर यंत्रात घातला. हत्तीच्या खेळीपाशी पट्टी धाडकन् खाली आली. 'उणे चार'. यंत्राच्या मते समोरच्याने हत्ती घेऊन राजा शांतपणे एक घर बाजूला नेला असता, तर माझा मित्र सरळ हरला असता.

"बघ," मी म्हटले, "यंत्राने ही खेळी तुला कधीच सांगितली नसती. हाच तुझा पुरावा."

त्याने बराच वेळ पडद्याकडे पाहिले. "ते खरं रे," तो म्हणाला, "पण म्हणजे खेळी चुकीचीच होती की!" आणि गाडी लागेपर्यंत तो हत्ती न देता तो डाव कसा जिंकता आला असता, ते शोधत बसला.